वालूरच्या आवाजाची जावक

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी इंटरनेटची जोडणी कोणत्या कंपनीकडून घ्यावी, असा प्रश्न निघाला आणि एका सकाळी दोन कंपन्यांचे विक्रेते एकापाठोपाठ आमच्या ओसरीवर येऊन बसले. माझी सून घरून गणिताच्या शिकवण्या घेते. मुले तिला स्वच्छ दिसतात, त्यांच्या शंका तिला नीट ऐकू येतात. पण तिचे उत्तर त्यांच्यापर्यंत पोचता पोचता अडखळते आणि तिचा चेहरा अर्ध्या वाक्यावर थिजतो. दोन्ही विक्रेते मात्र चित्रपट किती चटकन उतरतो, तेच रंगवून सांगत होते. अनोळखी माणसे घरात आली की मी सहसा स्वयंपाकघरात काहीतरी काम शोधते. त्या दिवशी कसे कोण जाणे, उंबऱ्यात उभी राहून विचारले, "येतं किती, ते समजलं. इथून जातं किती?"

एकाने हातातल्या पत्रकाची मागची बाजू उलटून पाहिली. दुसरा हसून म्हणाला, "काकू, घरगुती गिऱ्हाईक ते विचारत नाही."

विचारते. असे एक गिऱ्हाईक मी पाहिले आहे. या अंकाचे संपादक 'नोकरीतले काहीतरी लिहा' म्हणून कित्येक वर्षे आग्रह करीत आहेत आणि मी संकोचाने टाळत आले आहे. यंदा त्या विक्रेत्याला जे तोंडावर सांगता आले नाही, ते येथे लिहून काढते.

सेलूच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी लागले ती पस्तिशीला टेकल्यावर. तत्त्वज्ञानात एम.ए. करून मी बरीच वर्षे घरीच होते. चार माणसांसमोर उभे राहून बोलणे जमत नसे, म्हणून अध्यापन हुकले; आणि दैवाचा विनोद असा की नोकरी लागली ती दिवसभर बोलण्याची. तेवढे एक बरे होते की समोर माणूस नसे, त्याचा आवाज तेवढा असे. आमचे मुख्य ऑपरेटर काझीसाहेब निजामाच्या राजवटीत उर्दूतून शिकलेले, अत्यंत अदबशीर गृहस्थ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला जवळ बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा तलफ्फुज, म्हणजे उच्चार, उम्दा आहे. पण तो तुमच्या ओठांपाशीच संपतो. परभणीचं सोडा, शेजारच्या खुर्चीवर बसून मलाही पोचेना."

हा धंदा ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगते. आमच्यासमोर भोकाभोकांचा एक उभा फळा असे. प्रत्येक भोक म्हणजे गावातला एक टेलिफोन. कोणी बोलावले की त्याच्या भोकात दोरीची एक खुंटी घालायची, काय हवे ते विचारायचे आणि दुसरी खुंटी हव्या त्या भोकात घालून दोघांना जोडून द्यायचे. गावाबाहेरचा कॉल म्हणजे ट्रंक. तो आधी नोंदवून ठेवावा लागे आणि परभणी, नागपूर असे मुक्काम करीत पुढे जाई. प्रत्येक मुक्कामावर आवाजाची थोडी झीज होत असे. दोघांचे बोलणे ऑपरेटरने ऐकू नये, असा संकेत होता. पण कान दिल्याशिवाय जोडले गेले की नाही हे कळणार कसे? तेव्हा आम्ही ऐकत असू आणि विसरत असू. सरकीचे एक दलाल ट्रंक लागल्याचे कळताच आधी टोपी डोक्यावर नीट बसवीत आणि मगच रिसीव्हर उचलीत. हे मला त्यांच्या आवाजावरून कळत असे. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला जाई, तेव्हा एसटी जागच्या जागी थांबत आणि आमचा फळा थांबायचे नाव घेत नसे. त्या दिवशी भाव, माल, दलाली यांतले कोणी काही विचारत नसे. "आमचा माणूस पोचला का?" एवढेच सगळ्यांना हवे असायचे.

आता मूळ गोष्ट. वालूरचे महालिंगअप्पा भुसार मालाचे व्यापारी. कापसाचाही थोडा व्यवहार करीत. एका बाजाराच्या दिवशी ते पत्नीला, गिरिजाक्कांना, घेऊन आमच्या कचेरीत आले. त्यांना घरी टेलिफोन घ्यायचा होता आणि निवड दोन तऱ्हांची होती. एक, थेट सेलूच्या फळ्यावरची लाइन. खांबाखांबांवरून तार वालूरपर्यंत न्यायची. दुसरी, वालूरच्याच टपाल कचेरीमागे नुकत्याच उघडलेल्या लहानशा एक्स्चेंजची. अप्पांचे मन सेलूवर बसले होते. सेलूच्या बाजारातले भाव सकाळी सकाळी कानावर पडावेत, आणि सेलूचा नंबर चार लोकांत सांगायलाही बरा. "भाव सपष्ट ऐकू येतील ना?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. येतील, असे मी सांगितले.

तोवर बाकावर बसलेल्या गिरिजाक्का उठून माझ्या टेबलाशी आल्या. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीचे लिंग, आवाज इतका मवाळ की मला माझीच आठवण झाली.

"बाई, तिकडचं इकडं येईल ते समजलं. माजं तिकडं जाईल का?"

अप्पा हसले. "हिला कुठं जायाचंय?"

"मला न्हाई. माज्या बोलण्याला जायाचंय."

मग त्यांनी जे सांगितले ते असे. आईवडील लवकर गेल्यामुळे धाकट्या भावाला, महेशला, त्यांनीच वाढवले होते. तो शिकून जबलपूरला एका कारखान्यात लागला. त्याचे पत्र न चुकता येई आणि त्या ते अक्षर अक्षर लावून वाचीतही. पण लिहिण्याचा हात त्यांना कधी बसला नाही. म्हणून उत्तर अप्पा लिहीत. "मी घंटाभर सांगते बाई. हे आपले लिहितेत, 'इकडील सर्व खुशाल.' त्येचं समदं मला येतंय. माजं त्येला काईच जाईना."

कचेरीच्या भाषेत आवक आणि जावक असे दोन शब्द आहेत. टेलिफोन घ्यायला येणारा प्रत्येक माणूस आवकीची चौकशी करीत असे. जावकीची चौकशी करणाऱ्या गिरिजाक्का पहिल्याच.

त्यांच्या प्रश्नाला खरे उत्तर होते, आणि ते अप्पांना आवडण्यासारखे नव्हते. टेलिफोनवर नुसते ऐकायला आपल्याकडून काही लागत नाही. बोलायला मात्र वीज लागते. सेलूच्या लाइनीवर ती वीज आमच्या एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून यायची. इतक्या लांबच्या तारेतून वालूरला पोचेपर्यंत ती पातळ होणार. म्हणजे ऐकू उत्तम येणार, पण बोललेले पलीकडे क्षीण जाणार. वालूरच्या एक्स्चेंजचा टेलिफोन जुन्या धाटणीचा, भिंतीवरच्या लाकडी पेटीचा, दांडी फिरवून बोलवायचा. दिसायला गावंढळ, पण त्याच्या पेटीत त्याचे स्वतःचे सेल होते. बोलणाऱ्याच्या आवाजाला घरचेच बळ. मी हे सगळे खाली मान घालून सांगितले आणि शेवटी पुटपुटले की बोलणे जायला हवे असेल, तर वालूरचीच घ्यावी.

अप्पा नाराज झाले. दांडीचा फोन म्हणजे उसाचा चरक, असे काहीसे म्हणाले. अक्कांनी वाद घातला नाही. "भाव ऐकायला तुमी सेलूला रोजच येता की," एवढेच त्या म्हणाल्या, आणि वालूरची लाइन ठरली.

पहिले काही आठवडे तिने माझी लाज राखली. महेशच्या शेजाऱ्यांकडे टेलिफोन होता. तेथे ट्रंक लावला की अक्कांचा मवाळ आवाज परभणी, नागपूर ओलांडून जबलपूरला व्यवस्थित उतरत असे. एकदा त्या पुरणाच्या डाळीविषयी इतके सविस्तर बोलल्या की अप्पांच्या सगळ्या पत्रांची भरपाई झाली असावी. मग मात्र आवाज हळूहळू खोल जाऊ लागला. तिकडचे इकडे पूर्वीसारखेच येई. अक्कांचे आधी जबलपूरला ऐकू येईनासे झाले, मग परभणीला, आणि शेवटी सेलूत मलाही डोळे मिटून ऐकावे लागे.

उपाय सगळे झाले. पेटीतले सेल बदलले, तारा ताणल्या, तारेला घासणाऱ्या कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या. लाइनमन खांबावर चढून स्वतःच्या फोनवरून बोले तेव्हा खणखणीत ऐकू येई. तो समाधानाने उतरून निघून जाई. अखेर सगळ्यांनी मिळून दोष अक्कांच्या मवाळ बोलण्यावर ठेवला. अप्पांचा दोष मात्र ठरलेला होता. बाजाराच्या दिवशी कचेरीवरून जाताना ते खिडकीत वाकून म्हणत, "बाई, तुमच्या वालूरच्या लाइनीला आवक लय हाय, जावक न्हाई." माझे उत्तर ओठांपाशीच संपत असे.

त्याच सुमारास जबलपूरला महेशला मुलगी झाली. बाळंतिणीची आईच तिकडे गेली होती, त्यामुळे बारसेही तिकडेच ठरले. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ती वाकून "कुर्र" करते, नाव सांगते, आणि जमलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप बुक्के घालतात. अक्कांनी तिकिटे काढून ठेवली होती, बाळंतविडा बांधून ठेवला होता. आणि निघायच्या आठवड्यात गावच्या बारवेच्या पायऱ्यांवरून त्यांचा पाय घसरला. मांडीपर्यंत प्लास्टर घालून त्या पलंगाला खिळल्या.

त्यांनी मला फोन केला. मी डोळे मिटून ऐकले. बारशाची वेळ जंगमस्वामींनी काढून दिली होती. त्या वेळी ट्रंक लागलेला हवा होता. पाळणा शेजाऱ्यांच्या घरी, टेलिफोनजवळ नेऊन ठेवायचे महेशने कबूल केले होते. नाव टेलिफोनवरूनच सांगायचे होते. नाव काय, हे मी कॉल नोंदवताना सहज विचारून गेले. "ते न्हाई सांगणार," त्या म्हणाल्या, "यांनाबी सांगितलं न्हाई. पैलं तिच्याच कानात."

ठरल्या दिवशी मी कचेरीत लवकर आले. परभणीच्या आणि नागपूरच्या ऑपरेटरांना आधीच विनवून ठेवले होते. बारसे आहे म्हटल्यावर नागपूरच्या बाईंनी वाटेतल्यापैकी सर्वांत चांगली तार आमच्यासाठी अडवून ठेवली. ट्रंक वेळेवर लागला. वालूरला अक्का पेटीखाली ओढून घेतलेल्या पलंगावर, त्यांच्या हातात भिंतीवरच्या पेटीचा रिसीव्हर आणि भोवती गल्लीतल्या बायका. जबलपूरला पाळणा, बायका आणि महेश. मध्ये मी.

"अक्का, बोल," महेश म्हणाला.

अक्कांनी आधी नुसते ऐकू येते का, तेवढे विचारले. मला पुसटसे ऐकू आले. त्याला काहीच नाही. त्या पुन्हा बोलल्या. तो म्हणाला, नुसता वारा येतोय. असे तीनचारदा झाले. जबलपूरच्या बायकांची कुजबुज मला ऐकू येत होती: बाळाला झोप येतेय, वेळ टळतेय. मग महेश अवघडून म्हणाला, "बाई, तुम्ही तिचं ऐकू शकता ना? तुम्हीच तिला विचारून नाव सांगा. बाळाच्या कानाला रिसीव्हर लावतो. तेवढं कुर्र पण करा."

वाईट एवढेच की हे सगळे अक्कांना लख्ख ऐकू येत होते. त्यांचा मान त्यांच्याच कानांदेखत दुसरीला दिला जात होता.

शेजारच्या खुर्चीवरून काझीसाहेब माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. काय झाले ते मी खुणेने सांगितले. त्यांनीही मान हलवली: सांगा की, त्यात काय. निरोप पोचवणे आमच्या कामातलेच होते. लाइन खराब असली की ऑपरेटर मध्ये बसून एकाचे दुसऱ्याला सांगत असे. मी स्वतः भाव सांगितले होते, परीक्षेचे निकाल सांगितले होते. पण वालूरकडून एक बारीकसा आवाज आला, आणि तो मी डोळे मिटून, कानावर हात दाबून ऐकला.

"न्हाई बाई. तुमी न्हाई सांगायचं. त्येला म्हणावं, आत्या अजून जिती हाय."

मी महेशला सांगितले, "गिरिजाक्का म्हणतात की आत्या अजून जिवंत आहे." जबलपूरला हशा पिकला. नाव मी सांगणार नव्हते, आणि अक्कांचे पोचत नव्हते. तेव्हा जे माझ्या हातून आयुष्यात कधी घडले नव्हते ते घडले. मी खुर्चीवरून अर्धवट उठले आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्का, तुम्हीच म्हणा! पोचो न पोचो, तुम्ही कुर्र म्हणा!"

अक्कांनी म्हटले. वालूरच्या बायकांना तेवढेच कळण्यासारखे होते. आत्याने कुर्र केले म्हणजे आता आपले काम. कोणाला पाय दिसला नाही, प्लास्टर दिसले नाही. रीतीप्रमाणे त्यांनी अक्कांच्या पाठीत सणसणीत बुक्के घातले. अक्का पुढे कलंडल्या, आणि हातातला रिसीव्हर लाकडी पेटीच्या कोपऱ्यावर असा आदळला की माझ्या कानात सुतळी बॉम्ब फुटल्यासारखे झाले.

आणि त्या पाठोपाठ, शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आवाज आला:

"आगं, हाडं मोडता का माजी! एक पाय मोडलाय ते पुरं न्हाई का?"

वालूरच्या टेलिफोनवरून कित्येक आठवड्यांनी जबलपूरला पोचलेले पहिले वाक्य ते हे. मग महेश ओरडला, आणि ओरडताना त्याची इतक्या वर्षांची जबलपुरी घडी मोडून वालूरची बोली बाहेर आली. "अक्का! ऐकू यायलंय! समदं ऐकू यायलंय!"

"मग तिच्या कानाला लाव," अक्का म्हणाल्या. त्यांनी घसा साफ केल्याचेही ऐकू आले. "कुर्र... भागीरथी."

जबलपूरकडून काही आवाज आला नाही. मला वाटले, लाइन गेली. ती गेली नव्हती. भागीरथी हे त्या दोघांच्या आईचे नाव होते, हे मला नंतर कळले. महेशला आई नीटशी आठवतही नव्हती. तिचे नाव घरात कोणी घेत नसे. मुलीसाठी बायकोने कुठलेसे नवे नाव काढून ठेवले होते. पण आत्याने बारशाला कानात सांगितले, तेच नाव. अक्कांनी ते पोटात ठेवले होते, आणि ते माझ्या तोंडून जाऊ द्यायला त्या का तयार नव्हत्या, याचा मला तेव्हा उलगडा झाला.

शांततेत एक बारीकशी कुरकुर सुरू झाली, आणि मग मोठा टाहो. जबलपूर, नागपूर, परभणी, सेलू, वालूर या साऱ्या वाटेवर तो सारख्याच ताकदीने घुमला.

"रडायली का? माज्यामुळं रडायली?" अक्कांनी विचारले.

"हो अक्का," महेश म्हणाला. "तुझ्या आवाजानं दचकली."

"रडू दे. पोचलं म्हणायचं."

मी रिसीव्हर कानावरून काढला तेव्हा काझीसाहेबांनी पानाचा डबा माझ्यापुढे सरकवला. "बाई," ते म्हणाले, "आज तुमचाही पोचला. बाहेर टांगेवाल्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी लाइनमनने वालूरला जाऊन तो रिसीव्हर उघडला. दोष तारेत नव्हता, सेलांत नव्हता, अंतरात नव्हता, अक्कांच्या मवाळपणात तर मुळीच नव्हता. बोलण्याच्या बाजूची भोके राखाडी पुटाने लिंपलेली होती. अक्कांच्या घरी कोणतीही नवी वस्तू आली की तिला भस्माचे तीन पट्टे लावायची रीत होती. तागडीला, तिजोरीला, शिवणयंत्राला. टेलिफोनलाही लावायचेच. पण टेलिफोनचे कपाळ कोणते? घरात यावर विचार झाला आणि ज्याच्याशी आपण तोंड लावून बोलतो तेच त्याचे तोंड, असे ठरून पट्टे तेथे ओढले गेले. दर सोमवारी नव्याने. बोलणाऱ्याच्या श्वासाच्या ओलीने भस्माचा थर घट्ट होत गेला आणि अक्कांचा आवाज त्याच्या मागे अडकून राहिला. पेटीवर आदळल्याने तो थर निखळला. एका रीतीने कोंडलेला आवाज दुसऱ्या रीतीच्या बुक्क्यांनी मोकळा केला. लाइन सेलूची असती की वालूरची, याने काहीही फरक पडला नसता. आमचे सगळे वाद, छाटलेल्या फांद्या आणि मी मान खाली घालून ऐकलेले टोमणे, सगळे फुकट.

पुढे फळा गेला, आपोआप जोडणारी यंत्रे आली, खुंट्या भंगारात निघाल्या. त्यांची मला आठवण येते, असे म्हटले तर सून हसते. भागीरथीला मी कधी पाहिले नाही. वालूरलाही, इतके जवळ असून, गेले नाही; बोलावणे अनेकदा आले, पण ज्यांच्याशी फक्त आवाजाची ओळख, त्यांच्यासमोर जाऊन बसायचा मला धीर होईना. तेवढी एक रुखरुख आहे.

लाइनमनने मात्र त्या दिवशी अक्कांना बजावून सांगितले होते, की यापुढे बोलण्याच्या बाजूला भस्म लावायचे नाही. बिनभस्माची वस्तू घरात ठेवणे त्यांना बरे वाटत नव्हते. मग त्यांनी रिसीव्हर उलटा करून पाहिला आणि म्हणाल्या, "मग कानाकडं लावते. तिकडचं जरा कमी आलं तरी चालंल."

कापसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा वालूरहून फोन आला. महालिंगअप्पा होते. सेलूचे भाव हल्ली कानावर नीट पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. आणि ती मला अगदी खणखणीत ऐकू आली.